उणे झोका

दरी ओलांडणारा रोपवे गेल्या महिन्यापासून चालकाशिवाय धावत होता. शाल्मली दाभोळे नियंत्रण कक्षात बसायची ती नुसती देखरेखीला. वाऱ्याने पाळणा किती अंश कलला हे यंत्र मोजायचं, उजवीकडचा झोका अधिक आणि डावीकडचा उणे धरून, आणि झोका पाचाच्या पुढे गेला की वेग आपोआप कमी करायचं.

त्या दुपारी वारा उलट्या दिशेने सुटला. पाळणा डावीकडे कलला, पण वेग तसाच राहिला. आत तिचे वडील एकटेच होते.

"शालू, हा हळू का होत नाही?" फोनवर त्यांची धाप ऐकू येत होती.

"बाबा, खाली बसा. दांडा सोडू नका."

पडद्यावर झोका उणे नऊ दिसत होता. शेजारी यंत्राचा शेरा होता, 'मर्यादेत'.

तिचा सहकारी फिरोज यंत्राची नोंद तपासत होता. "संक्षेपकाने सूत्र बदललंय," तो म्हणाला. यंत्रांमधली लांबलचक सूत्रं आटोपशीर करणारी ही नवी प्रणाली. "आधी झोक्याचा वर्ग करून त्याचं वर्गमूळ घेत होते. आता दोन्ही उडवून नुसता झोका ठेवलाय. उत्तर तेच ना?"

शाल्मलीने पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "उणे नऊचा वर्ग एक्याऐंशी, आणि त्याचं वर्गमूळ नऊ. उणे नऊ नाही. उणे चिन्ह घालवायलाच ते सूत्र होतं. आता डावीकडे पाळणा कितीही कलू दे, यंत्राला तो आकडा पाचाहून लहानच."

"मग बंद करू."

"एकदम थांबला तर खांबावर आपटेल."

झोका उणे तेरा झाला. फोनवर काच तडकल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. तिने चाचणीची खिडकी उघडली आणि झोक्याच्या जागी स्वतःच आकडा भरला. तेरा. उणे चिन्हाशिवाय.

वेग उतरू लागला. पाळणा खांबाला घासून गेला आणि खालच्या फलाटाला लागला. वडील बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळातून रक्त येत होतं, पण ते चालत होते.

शाल्मलीने संक्षेपकाच्या कंपनीला फोन लावला. "अशी किती सूत्रं बदललीत?"

"सगळीच, मॅडम. घाटातल्या प्रत्येक यंत्राची."

"मूळ सूत्रं?"

"ती ठेवत नाही आम्ही."

कॅमेऱ्यात तिला खालचं फाटक दिसत होतं. वडिलांना घेऊन चालकाशिवायची रुग्णवाहिका निघाली होती. पुढे सगळा घाट. फिरोजने तिच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"डावीकडचं वळण त्या गाडीला वळण वाटेल ना?"