दसऱ्याची फुलं आणि दमलेला संगणक

"पुन्हा गोठला!" शाल्मली ओरडली. पडद्यावर तिचा खेळाडू चंद्राच्या खड्ड्यात एक पाय उचलून तसाच उभा होता. हेडफोनमधून तस्लीमचा आवाज मात्र स्वच्छ येत होता. "शालू, चेंडू टाक ना गं! शालू?"

ही गोष्ट २०५२ सालची, धुळ्यातली. तस्लीम ही शाल्मलीची पहिलीपासूनची जिवाभावाची मैत्रीण. तिची अम्मी समुद्रातल्या पवनचक्क्यांची देखभाल करायची, म्हणून त्यांचं घर आता एका तरंगत्या वसाहतीत गेलं होतं. दोघी भेटायच्या त्या फक्त 'चांद्रलगोरी' या खेळात. सध्या तिथं जोड्यांची स्पर्धा चालू होती; हरलं तरी पुढचे सामने मिळायचे, पण एक नियम कडक होता. ज्याचा संगणक तिसऱ्यांदा गोठेल, त्याची जोडी मोडायची आणि जोडीदाराला दुसरा भिडू द्यायचा. शाल्मलीचा आज दुसऱ्यांदा गोठला होता आणि पुढचा सामना रविवारी होता.

"मला नवं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची चित्रं भराभर रंगवणारा भाग) हवंय," ती आजोबांसमोर फतकल मारून बसली. "खाऊचे सगळे पैसे देते. पण त्यात एकच वस्तू येईल."

आजोबा म्हणजे डॉक्टर मधुसूदन भामरे. उपग्रह तापू नयेत म्हणून त्यांनी आयुष्यभर डोकं तापवून घेतलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "एकच येणार असेल, तर आधी दुखतंय कुठं ते बघू. संगणक पहिल्यापासूनच अडकतो का?"

"नाही. पहिला डाव झकास होतो. मग मरगळतो."

"बघ हं. कार्डच कमजोर असतं, तर ते पहिल्या डावातही अडकलं असतं. ते काय, दमायला बैल आहे?"

शाल्मलीनं वळून संगणकाकडे पाहिलं. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बंब, इकडे ये रे!" आजोबांनी हाक मारली. बंब हा त्यांचा घरकामाचा यंत्रमानव. अंगानं गोल, तांबूस, अगदी जुन्या काळच्या पाणी तापवायच्या बंबासारखा, म्हणून हे नाव. त्यानं आपली वायर संगणकाला जोडली आणि शाल्मलीनं सरावाचा डाव सुरू केला.

"ग्राफिक्स कार्ड निम्मा वेळ रिकामं बसलंय," बंब म्हणाला. "प्रोसेसरचं (सगळे हिशेब करणाऱ्या भागाचं) तापमान सत्तर अंश. ऐंशी. नव्वदच्या वर. आता प्रोसेसरनं वेग कमी केला."

"स्वतःहून?" शाल्मलीनं विचारलं.

"जळू नये म्हणून," आजोबा म्हणाले. "आपल्याकडे पुरणपोळ्या होतात तेव्हा आई लाटते आणि बाबा भाजतात. आईचा हात मंदावला तर बाबांना दुसरा तवा आणून देऊन उपयोग काय?"

"नाहीच. पोळी आली तरच भाजणार ना ते!"

"तसंच हे. साखळीत जो सगळ्यात हळू, त्याच्याच वेगानं सगळं काम चालतं. तू कार्ड आणलं असतंस, तर तेही बिचारं वाट बघत बसलं असतं."

संगणक बंद करून, प्लग काढून, तो निवल्यावर आजोबांनी झाकण उघडलं. प्रोसेसरवर एक हीट सिंक (उष्णता शोषून हवेला देणारा धातूच्या पापुद्र्यांचा ठोकळा) होता. त्या पापुद्र्यांत काय अडकलं होतं म्हणता? झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या, अक्षता, आपट्याच्या पानांचा चुरा आणि कुंकू कालवलेली तांबडी धूळ! इतके दिवस पंखा फिरत होता, पण वारा आत शिरायला वाट कुठं होती?

शाल्मलीचा चेहरा पडला. दर दसऱ्याला संगणकाची पूजा तीच करायची. अगदी लहान असल्यापासून. देवाच्या डोक्यावर वाहतात तशी ती वरच्या जाळीवर ओंजळभर फुलं वाहायची.

"मीच त्याला आजारी पाडलं?" तिचे डोळे भरून आले.

आजोबांनी तिला जवळ ओढलं. "वेडाबाई, तू त्याच्यावर माया केलीस. फक्त त्याचं नाक कुठं आहे ते तुला ठाऊक नव्हतं. आणि मी एवढा उष्णतेतला पंडित! दरवर्षी शेजारी उभा राहून टाळ्या वाजवायचो."

"मी ताट धरायचो," बंब म्हणाला. "माझीही चूक नोंदवा."

शाल्मलीला रडता रडता हसू फुटलं. मग मऊ ब्रशनं एकेक पापुद्रा साफ झाला. प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामधला वाळलेला लेप पुसून आजोबांनी नवा लावला, म्हणजे उष्णता चटकन वर जाईल.

आता तापमान सत्तरच्या पुढे जाईना. पण नवं मैदान उघडताना मात्र खेळ अजूनही क्षणभर अडखळत होता.

"थांबा, मी सांगते!" शाल्मली स्वतःच बंबाच्या आकड्यांवर वाकली. "कार्डावर ताण नाही, प्रोसेसर थंड आहे... रॅम गच्च भरलीय!"

"शाब्बास. रॅम (चालू कामाची माहिती हाताशी ठेवायची जागा) म्हणजे आपला ओटा. ओटा लहान असला की प्रत्येक डब्यासाठी माळ्यावर चढावं लागतं. वेळ जातो तो तिथं."

एवढ्या जुन्या संगणकाच्या खाचेत आजची रॅम बसणार नव्हती. पण जुने सुटे भाग विकणाऱ्या दुकानात आधीच्या रॅमच्याच जातीची वापरलेली पट्टी मिळाली. एवढं करून आइस्क्रीमपुरते पैसे उरले, आणि बंबाला जिभेअभावी नुसतं बघत बसावं लागलं.

रविवारी सामना रंगला. पहिला डाव गेला, दुसरा गेला, शेवटच्या डावात धुळीचा लोट उठला, तरी संगणक एकदाही थबकला नाही. शेवटी समोरच्या जोडीनं एका ठिकरीनं बाजी मारली.

"हरलो गं," शाल्मली पुटपुटली.

"हरू दे की!" तस्लीम आनंदानं किंचाळली. "पुढच्या रविवारी तूच असणार ना माझी भिडू?"

शाल्मलीनं डोळे पुसले आणि मान जोरात हलवली. तस्लीमला ते दिसणार नाही, हे तिला नंतर सुचलं.

दसऱ्याला तिनं संगणकाला कुंकवाचं एकच बोट लावलं आणि झेंडूचं फूल जाळीपासून लांब, टेबलावर ठेवलं.

"आजोबा, खऱ्या चंद्रावर तर वाराच नाही. मग तिथं पंखा काय करणार? तिथला संगणक थंड कसा होईल?"

"उपग्रहांसाठी मी आयुष्यभर हेच तर शोधत होतो!" आजोबा म्हणाले. मग त्यांनी हसून खुर्ची ओढली आणि आपल्या शेजारी तिच्यासाठी जागा केली.