मागे पाहणारा घोडा

आमच्या प्रयोगशाळेनं जुने संगणक मोडीत काढले, त्यातला एक मी घरी आणला. मी पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासते. दिवसभर आकडे लिहिते, आणि ज्याला आकडा नाही त्यावर चटकन विश्वास ठेवत नाही.

आमच्याकडचे संगणक सांभाळणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण तो कुणालाही धरून काहीतरी शिकवायला बसतो. एका रविवारी तो घरी आला आणि त्या डब्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं.

"फुकट आहे, आणि उघडं आहे," तो म्हणाला. "आतली ओळ न् ओळ वाचता येते. झाकपाक काही नाही."

जाता जाता त्यानं बुद्धिबळाचा एक मोफत प्रोग्रॅमही टाकून दिला. संगणक मागच्या खोलीत ठेवला, खिडकीखालच्या टेबलावर. तिथपर्यंत इंटरनेट पोचत नव्हतं, आणि मलाही ते नको होतं.

बुद्धिबळ मला दादानं शिकवलं. तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. एकोणीस वर्षांचा असताना एका सकाळी खांद्याला पिशवी लावून बाहेर पडला तो परत आलाच नाही. भांडण नाही, चिठ्ठी नाही. त्याला आता बावीस वर्षं झाली. बाबा वाट बघतच गेले. आई अजून जेवायला बसताना दाराकडे तोंड करून बसते.

पहिले पंधरा दिवस काही विशेष घडलं नाही. ऑफिसातून आले की चहा घेऊन मी एक डाव मांडायची. मी पांढरी, संगणक काळा, पातळी सगळ्यात सोपी. माझं बोट माउसवरून उचलायच्या आत त्याची खेळी आलेली असायची. मी हरायची आणि भाजी चिरायला जायची.

मग एका गुरुवारी त्यानं उत्तर द्यायला चार मिनिटं घेतली.

सवयीनं मी घड्याळ पाहिलं होतं. पुढच्या खेळीला सहा मिनिटं, त्यापुढच्या खेळीला अडीच. संगणक अडकला असेल म्हणून मी त्याच्यावर किती ताण पडतोय ते दाखवणारा आलेख उघडला. रेघ तळाशी सपाट होती. पंखाही फिरत नव्हता. यंत्र काहीच करत नव्हतं, आणि तरी कुणीतरी विचार करत होतं.

खेळही बदलला होता. वजीर लवकर बाहेर काढायचा, मग पस्तावून मागे घ्यायचा. कडेचं प्यादं उगाच एक घर सरकवायचं. असं खेळणाऱ्या माणसाला मी ओळखत होते, पण त्याचं नाव मनातसुद्धा घेतलं नाही.

शनिवारी काळ्यानं किल्लेकोट केला, राजा कोपऱ्याकडे हत्तीच्या आडोशाला नेला, आणि माझी पुढची खेळी होईपर्यंत राजाजवळचा घोडा उलटा झाला. घर तेच. फक्त तोंड फिरलं होतं, स्वतःच्या राजाकडे.

दादा असंच करायचा. किल्लेकोट झाला की हातानं घोडा वळवून ठेवायचा. "सगळे पुढे बघतात," म्हणायचा. "मागे कोण राहिलं ते बघायला एक तरी नको का?"

मी मास्तरला बोलावलं. दादाबद्दल काही बोलले नाही, फक्त बिघाड आहे म्हणाले. त्यानं चष्मा कपाळावर चढवून चित्रांची फाइल शोधली.

"काळ्या घोड्याचं चित्र एकच आहे," तो म्हणाला. "तेच दोन्हीकडे वापरलं जातं. फिरलं तर दोन्ही घोडे फिरायला हवेत."

"पण एकच फिरलाय."

"दिसतंय मला."

त्यानं तासभर कोड वाचला. प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला, जपून ठेवलेला डाव उघडला. घोडा तसाच होता. शेवटी तो म्हणाला, "संगणकाला खेळातून काढूनच टाकू." काळ्या बाजूला त्यानं 'माणूस' निवडलं. "आता दोन्ही बाजूंना माणसं. काळ्याची खेळी कुणी केल्याशिवाय होणार नाही."

मी पांढरा उंट सरकवला. आम्ही दोघंही हात मांडीवर ठेवून बसलो. पाच मिनिटं गेली. बाहेर शेजाऱ्यांची सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला.

काळा हत्ती दोन घरं डावीकडे गेला.

मास्तरनं चष्मा खाली घेतला, पुसला, खिशात ठेवला. "उघडं असतं त्यात लपलेलं काही सापडत नाही," एवढंच म्हणाला. चहा न घेता गेला. त्यानंतर त्यानं मला काही शिकवलं नाही.

आईला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. वाटलं होतं, रडेल. तिनं पदरानं खुर्ची पुसली आणि माझ्याशेजारी बसली. तिला खेळ कळत नाही. "यातला त्याचा कुठला?" तिनं विचारलं. मी घोडा दाखवला. तिनं काचेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

मग रोज संध्याकाळी आम्ही दोघी बसायचो. एक खेळी माझी, एक त्याची. मला विचारायचं होतं की तू कुठे आहेस, जेवतोस ना, गेलास का. पण पटावर एवढंच बोलता येतं. मी प्यादं पुढे करायची, तो ते मारायचा नाही.

बाबांचं घर आईच्या नावावर करायचं होतं आणि वारसांत दादाही होता, म्हणून वकीलबाईंनी अर्ज तयार केला होता. इतकी वर्षं बेपत्ता असलेला माणूस मृत समजावा, असा. आम्हां दोघींच्या सह्या हव्या होत्या. सोमवारची अकराची वेळ होती.

रविवारी माझ्या लक्षात आलं की माझ्या एका खेळीत मात आहे. वजीर तीन घरं तिरका, बस.

"का गं थांबलीस?" आईनं विचारलं.

"खेळले तर डाव संपेल."

मी पडद्यावरचा डाव तसाच ठेवला. संगणक बंद करणं मी केव्हाच सोडलं होतं.

सोमवारी आम्ही दाराला दोन्ही कुलपं लावून गेलो. वकीलबाईंनी कागद पुढे सरकवला. आईनं पेन हातात घेतलं, आणि माझ्याकडे वळली.

"खेळी कुणाची राहिलीय? त्याची की आपली?"

"आपली."

तिनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे तो थांबलाय. थांबलेल्या माणसाला मेलेला कसं लिहू?"

वकीलबाईंनी कागद परत फाइलमध्ये ठेवला. रस्त्यानं आईनं माझा हात धरला होता, लहानपणी धरायची तसा. मला हलकं वाटत होतं. उद्याही तो असेल, परवाही असेल. मी खेळणारच नव्हते.

दोन्ही कुलपं जशीच्या तशी होती. खिडक्या आतून बंद.

मी मागच्या खोलीत गेले.

माझा पांढरा वजीर तीन घरं तिरका गेला होता. काळ्या राजाला मात झाली होती. डाव संपला होता.

माझी खेळी माझ्यासाठी कुणीतरी केली होती.

"काय झालं गं?" आई दारातून म्हणाली.

मी टेबलाकडे बघत होते. दादा डावखुरा होता. माउस कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवलेला होता.

मी त्यावर तळहात ठेवला.

तो अजून कोमट होता.