फाटकाबाहेरचा पहारेकरी

काटा त्याच्या हातातून निसटला तेव्हा मी नुकती दुकानात शिरत होते. खण्णकन फरशीवर आपटून तो घरंगळत माझ्या बुटापाशी आला. मी उचलून दिला.

"पडला की हो तुमचा!"

"पडला नाही… उतरला जरा," तो म्हणाला, आणि कानांपर्यंत लाल झाला.

पशुखाद्याच्या दुकानाच्या कोपऱ्यात त्याने टेबल मांडलं होतं. गुळमट मक्याचा वास, पेटीत चिवचिवणारी कोंबडीची पिल्लं, आणि वर पाटी : 'कुकरचे काटे तपासून मिळतील, फुकट.' आमच्या उत्तर आयडाहोत फुकट म्हटलं की डोंगर उतरून माणसं येतात. इथे घराघरात तळघर आहे आणि तळघरात शेंगांच्या, मांसाच्या बरण्या छतापर्यंत रचलेल्या असतात. त्या ज्या थोरल्या कुकरात शिजवून हवाबंद करायच्या, त्याच्या झाकणावर दाबाचा काटा असतो. तो खोटा दाब दाखवायला लागला की बरणीत विष तयार होतं, म्हणून दरवर्षी तपासून घ्यायचा. हा शेतकी कार्यालयातला नवा साहेब आपल्या मुख्य काट्याशी तो ताडून बघत होता. मघाशी पडला तो मुख्य काटाच.

माझा काटा त्याने तपासला, जरा जास्तच वेळ.

"अगदी बरोबर आहे," तो म्हणाला. "मी टोबायस. टोबायस लिंडक्विस्ट."

"मी नाव विचारलं नव्हतं."

"म्हणूनच सांगितलं. तुम्ही विचारायची वाट बघत बसलो असतो तर पिल्लांच्या कोंबड्या झाल्या असत्या."

मला हसू आलं. सरकारी माणसाशी हसायचं नाही हा आमच्या घरचा नियम, तरीही आलं.

"मी लॉरेल. हॅस्केटांची."

"फाटकवाले हॅस्केट?" त्याच्या भुवया वर गेल्या. "बरं, मग… ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी समोरच्या हॉटेलात हकलबेरी फळांचा गोड पाय खायला याल का?"

"त्या शनिवारी जग बुडणार आहे."

"किती वाजेपर्यंत?"

"रविवारी संध्याकाळी सहापर्यंत."

"मग सोमवारी विचारतो," तो म्हणाला. इतकं शांतपणे, की घरी येईपर्यंत माझा हात स्टिअरिंगवर नुसता ताल धरत होता.

लोक आम्हाला वेडे म्हणतात. म्हणोत बापडे. सॅक्रामेंटोतलं आमचं घर बँकेने घेतलं तेव्हा मी लहान होते. सोफा हिरवळीवर, त्यावर आई, आणि डॅडी हातात कागद घेऊन उभे. ज्या देशात एका कागदावर घर जातं तिथे सगळंच जाऊ शकतं, हे त्या दिवशी त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. एक दिवस डॉलरला कुणी विचारणार नाही, मालाचे ट्रक थांबतील, दुकानं रिकामी होतील, आणि शहरातली भुकेली माणसं हा रस्ता चढून येतील. त्या दिवसाची आम्ही वर्षातून एकदा कवायत करतो. वीज बंद, फोन पत्र्याच्या पेटीत, फाटकाला साखळी. दिवसा चूल नाही, कारण धूर दिसतो. जेवण बरणीतलं, थंडगार. आई आता नाही. पण डॅडी आहेत, भाऊ कॅल आहे, त्याची बायको रेनी आहे, आणि रेनीला सहावा महिना आहे.

कवायतीत फाटक माझ्याकडे असतं. डॅडी दरवर्षी कुणातरी अनोळखी माणसाला रडकथा देऊन फाटकावर पाठवतात, पहारेकरी पाघळतो का बघायला. मागच्या वर्षी एक बाई आली होती, घोंगडीत गुंडाळलेलं बाळ छातीशी धरून. मी फाटक उघडलं. घोंगडीत पिठाची पिशवी निघाली. तेव्हापासून घरात माझं नाव 'पिठाची आत्या'. कॅल तर भाकरीचा तुकडा मोडतानाही "तुझा भाचा फार खमंग हं!" म्हणायचा. डॅडी हसले नव्हते. "लॉरेल, तुझ्या दयेपायी आज रेनी उपाशी मेली असती," एवढंच म्हणाले. ते मला जास्त लागलं.

त्यानंतर ऑगस्टभर रेनी आणि मी घेवड्याच्या शेंगा भरल्या. बोटं हिरवी झाली. गावात बरण्यांची झाकणं आणायला मी दोनदा गेले. एकदाच जायला हवं होतं. दोन्ही वेळा टोबायस दिसला. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "तुमच्याकडे झाकणं फार लागतात."

"तुम्हाला दुकानात फार काम असतं," मी म्हटलं.

…आणि मग तो शनिवार आला.

सकाळपासून बारीक पाऊस होता, थेंब न दिसता केस ओले करणारा. लार्चच्या झाडांच्या वाळक्या सुया चिखलात पडत होत्या. दुपारच्या घंटेला थोडाच अवकाश होता. रस्त्याच्या वळणावर एक माणूस दिसला. पायी, धावत, दोन्ही हात वर.

"थांबा तिथेच!" मी बंदूक उचलली.

"लॉरेल, मी… टोबायस!"

मी बंदूक खाली घेतली नाही. "फाटकावर ओळख नसते. काम बोला."

"गाडी खाली रस्त्यात आडव्या टाकलेल्या ओंडक्यापाशी ठेवलीय. फोन केले, कुणी उचलेना." त्याला धाप लागली होती. "त्या दिवशी माझा मुख्य काटा पडला, आठवतं? तेव्हापासून तो चुकीचा दाब दाखवतोय. आज सकाळी नवा काटा आला, ताडून बघितला तेव्हा कळलं. तुमचा काटा बरोबर नाहीये. कुकरात पुरेशी उष्णता झालेलीच नाही. ऑगस्टपासूनची एकही बरणी उघडू नका!"

मी हसले, पण ते हसू मलाच कडू लागलं.

"वा! मागच्या वर्षी पिठाचं बाळ, ह्या वर्षी विषाच्या शेंगा. डॅडींनी पाठवलं ना तुम्हाला?"

"काय?"

"दुकानातलं ते पाय-बीय… तेही त्यांनीच शिकवलं होतं का?"

हे विचारताना माझा आवाज फाटला. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, आणि माझं तर वर्षभर पोळत होतं. त्यातून हा माणूस आवडलेला. आवडलेला माणूस खोटा निघाला तर काय करायचं, ह्याची कवायत आम्ही कधी केली नव्हती.

पाऊस टोबायसच्या पापण्यांवरून गालावर उतरत होता.

"काटा का पडला, ते विचार," तो म्हणाला. 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं होतं.

"का पडला?"

"तू दारात आलीस म्हणून. सकाळपासून ढीगभर काटे हाताळले, एक पडला नव्हता. हे मी तुला पायच्या बशीसमोर सांगणार होतो… बंदुकीसमोर नाही."

मला रडावंसं वाटलं, त्याला मारावंसं वाटलं. गोड बोलून गळा कापणारे असेच बोलतात, असं डॅडींनी शंभरदा बजावलं होतं. मी फाटकाच्या जवळ गेले. साखळीला हात लावला.

"ठीक आहे. काय हवंय तुला? उघडू?"

"नको!" तो दोन पावलं मागे सरला. "उघडू नकोस. मला आत यायचं नाहीये. तू फक्त वर जा आणि त्यांचे घास थांबव. त्या विषाला वास नसतो, चव नसते. आधी एकाचे दोन दिसतात, मग घोट गिळवत नाही, मग श्वास… लॉरेल, जा ना!"

वर घंटा वाजली. जेवणाची.

इतक्या वर्षांत फाटकावर जो जो आला त्याने काहीतरी मागितलं होतं. पाणी, आसरा, औषध, आणि शेवटी सगळ्यांचं एकच : उघडा. ह्याने स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. उलट आपली चूक, आपली लाज चिखलातून धावत आणून माझ्यापुढे ठेवली.

आणि चौकी सोडणं हा तर फाटक उघडण्याहून मोठा गुन्हा. जो चौकी सोडेल त्याने कवायत संपेपर्यंत फाटकाबाहेर राहायचं, मग तो घरातला असो की कुणी असो.

"मी येईपर्यंत कुणाला आत सोडू नकोस," माझ्या तोंडून निघून गेलं. बाहेरच्या माणसाला! त्याने मात्र गंभीरपणे मान हलवली.

मी चढ धावत सुटले. बंदूक पाठीवर आपटत होती, घशात रक्ताची चव आली होती. खरं असलं तर? खोटं असलं तर? दोन्हीची भीती सारखीच होती.

देवाच्या दयेने डॅडींची प्रार्थना लांबलचक असते. ते डोळे मिटून 'येणाऱ्या अंधारातून' पर्यंत पोचले होते. कॅलने मान खाली घातली होती. आणि रेनीने, बिचारी पोटुशी, सकाळपासून भुकेली, एक डोळा उघडा ठेवून हळूच चमचा ओठांपाशी नेला होता.

मी तो हातावर फटका मारून उडवला. शेंगा भिंतीवर गेल्या.

"लॉरेल!" रेनी किंचाळली.

"कुणी खाल्लंय? कुणी एक तरी घास खाल्लाय?"

कुणी खाल्लं नव्हतं. मी जमिनीवरच बसले.

डॅडींनी डोळे उघडले. त्यांचा पहिला प्रश्न : "फाटकावर कोण आहे?"

"कुणी नाही… म्हणजे, आहे." मी धापा टाकत सगळं सांगितलं. "तुम्ही पाठवलंय का त्याला, डॅडी? खरं सांगा."

"नाही," डॅडी म्हणाले. "मी पाठवलेला माणूस अजून यायचाय."

आनंदाने माझं तोंड उघडलं, पण त्यांचा चेहरा बघून मिटलं.

"म्हणजे हा कोणी खराच परका आहे. आणि एक गोष्ट सांगून त्याने तुला फाटकावरून हलवलंय." त्यांनी खुंटीवरची बंदूक घेतली. "कॅल, रेनीला घेऊन तळघरात जा."

"डॅडी, ऐका ना! तो नव्हे तसला."

"पीठही आधी बाळच वाटलं होतं, लॉरेल."

ते पुढे आणि मी मागे, जवळजवळ त्यांच्या कोटाला धरून. त्या उतारावर मला पहिल्यांदा कळलं की मी टोबायसच्या प्रेमात आहे. कारण मला जगाची, अंधाराची, डॉलरची कसलीच भीती वाटत नव्हती. फक्त त्या एका बंदुकीच्या नळीची वाटत होती.

फाटकावरून भांडणाचा आवाज येत होता.

टोबायस फाटकाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा होता. बाहेरच्या बाजूला! त्याच्यासमोर अंगावर फाटका कोट आणि पायाला बिटाच्या रसाने लाल केलेली पट्टी बांधून मी तोवर न पाहिलेला डॅडींचा जुना मित्र ऑरिन उभा होता.

"वेंडेल!" ऑरिनने डॅडींना बघून कपाळावर हात मारला. "अरे, हा कोण पोरगा उभा केलायस? माझा पाय तुटलाय म्हटलं, बायको मरायला टेकलीय म्हटलं. हा म्हणतो, आजोबा, मला फार वाईट वाटतं, पण लॉरेल येईपर्यंत नाही! वर माझी पट्टी नीट बांधून दिली!"

"वेळेवर पोचलीस का?" टोबायसने मान वळवून मला विचारलं. "आतल्यांनी… खाल्लं का?"

"नाही," मी म्हटलं. "कुणीच नाही."

तो फाटकाला टेकून खाली घसरला आणि तोंड हातांत झाकून घेतलं.

डॅडींची बंदूक केव्हा खाली आली मला कळलं नाही.

"तुझी चूक होती," डॅडी म्हणाले.

"हो. सर्वस्वी."

"गप्प बसला असतास तर कुणाला कळलं नसतं. लोक म्हणाले असते, डोंगरातले वेडे, काहीतरी सडकं खाऊन मेले."

"हो, असंच म्हणाले असते," टोबायस म्हणाला. "गाडी चालवताना तेच कानात वाजत होतं."

डॅडींनी ओलं तोंड बाहीने पुसलं. पाऊस होताच, पण नुसता पाऊस नव्हता. भुकेल्या झुंडी, दरोडेखोर, रिकामी दुकानं, सगळ्यासाठी ते तयार होते. घरातल्याच बरणीने नातवंड जाईल, ह्यासाठी नव्हते. आणि त्यांना सावध करायला रस्ता चढून कुणी येईल, ह्यासाठी तर मुळीच नव्हते.

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि साखळी सोडली.

"लॉरेल, तू चौकी सोडलीस."

"हो, डॅडी."

"नियम माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग हो बाहेर." त्यांनी स्वतःचा कोट काढून माझ्या खांद्यांवर टाकला आणि फाटक मला जाण्यापुरतं उघडलं. मी बाहेर आले. साखळी पुन्हा लागली. ऑरिन आ वासून बघत होता.

"ए पोरा," डॅडी गजांमधून म्हणाले, "उद्या सहाला कवायत संपेल. शेंगांच्या बरण्या पुरायला खोल खड्डा लागेल. फावडं घेऊन ये."

"येतो, सर."

"आणि हिला उपाशी ठेवू नकोस. सकाळपासून पोटात काही नाहीये तिच्या."

ते वळले आणि चढ चढू लागले, बंदूक काठीसारखी टेकत.

मी टोबायसला हात देऊन उभं केलं. मग दोघांनीही हात सोडला नाही.

"मला बंदुकीची फार भीती वाटते, लॉरेल," तो हळूच म्हणाला.

"मग पळालास का नाही?"

"तू येईपर्यंत कुणाला आत सोडू नकोस, म्हणाली होतीस ना."

"अरे, पण तू बाहेर होतास! बाहेरच्या माणसाने कुणाला अडवायचं असतं का, वेड्या?"

"ते मला नंतर सुचलं," तो म्हणाला, आणि पुन्हा कानांपर्यंत लाल झाला.

मग मीच त्याला जवळ ओढलं. ऑरिन तिथेच होता, त्याने तोंड वळवलं, निदान तसं तो सांगतो. डॅडींचा कोट आम्हा दोघांना पुरला नाही, आम्ही भिजलो. "मला तू आवडतोस," मी त्याच्या ओल्या कॉलरमध्ये म्हटलं, "तू खरा असशील की नाही ह्या भीतीने आज मी अर्धी मेले." तो माझ्या केसांवर गाल टेकून उभा राहिला, आणि आम्ही खाली ओंडक्यापाशी ठेवलेल्या गाडीकडे चालायला लागलो.