पुसण्यासाठी काढलेली रांगोळी

दिवाळीच्या सकाळी तळमजल्यावर राहणाऱ्या कालिंदीने लालबागच्या चाळीत जिन्यापाशी रांगोळीचा मोर काढला, आणि तिसऱ्या मजल्यावर नुकताच राहायला आलेला दौलत दोन्ही पायांनी त्याच्यावरून गेला. हातात मासिकांचा एवढा मोठा गठ्ठा, समोरचं दिसणार कसं?

“अहो, डोळे घरी ठेवून आलात काय?”

“मोर होता…?” तो ओशाळला. मग तिच्या लालबुंद चेहऱ्याकडे बघून हळूच म्हणाला, “तरी बरं – काढणारी शाबूत आहे.”

मेला! कालिंदी हसणार नव्हती. पण हसली.

दौलत फोर्टातल्या एका ग्रंथालयात पुस्तकं लावायचा. जुनी झालेली अमेरिकन मासिकं घरी आणायचा. नळावर गाठ पडली की एखादं पान तिच्यासमोर धरायचा, आणि कळशी भरून वाहू लागायची. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एकदा त्याने नवाहो लोकांचा फोटो दाखवला. अमेरिकेतले मूळचे रहिवासी, मेंढ्या राखणारे, घोंगड्या विणणारे. फोटोतला म्हातारा चिमटीतून रंगीत वाळू जमिनीवर सोडत होता.

“अगंबाई, ही तर रांगोळी!”

“आजाऱ्यासाठी काढतात. त्याला चित्रावर बसवतात, तीच वाळू दुखऱ्या अंगाला लावतात, मग सगळं पुसून टाकतात. दुखणं वाळूबरोबर जातं म्हणे. फोटोसाठी मात्र मुद्दाम काहीतरी बदलून काढतात. खरं चित्र फक्त आजाऱ्याचं.”

“म्हणजे रांगोळी तुडवायची?”

“मी वेगळं काय केलं होतं?”

“तू कुठे आजारी होतास?”

“त्या दिवसापासून आहे…”

कालिंदीने भरलेली कळशी उचलली आणि निम्मं पाणी स्वतःच्याच पायांवर सांडलं.

१९५६च्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि गिरणगाव पेटलं. दौलत कामावरून परतत होता. नाक्यावर पोलिसांची गोळी त्याच्या गुडघ्यात शिरली. जखम चिघळली, डॉक्टरांनी डावा पाय मांडीपासून कापला. शेजारच्या खोलीतला शामराव तर परतलाच नाही. कितीतरी दिवस चाळीत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

घरी आल्यावर दौलत दार लावून बसला. कालिंदी गेली की आतून म्हणायचा, “नको येऊस. लंगड्याच्या गळ्यात पडून काय मिळणार तुला?” राग आणि रडू दोन्ही गिळून ती जिना उतरायची. इकडे अप्पांनी, तिच्या वडिलांनी, रत्नागिरीकडचं स्थळ आणलं. उद्या पाहुणे येणार, पसंती तर आधीच कळवलेली. सुपारीही उद्याच फुटायची होती.

त्या दुपारी ती रांगोळीचे डबे घेऊन वर गेली आणि दौलतच्या दारासमोर गॅलरीत बसली. त्याच्या आईने, कमलाबाईने, दार किलकिलं केलं.

“पोरी, तो नाय बाहेर येनार.”

“मग उद्या माझी सुपारी फुटेल, मावशी. सांगा त्याला.”

तिने माणूस काढला. चांगला धडधाकट, दोन पायांचा. डावा पाय भरताना रेघ वाकडी गेली. ती तशीच राहू दिली.

कुबडी वाजली. दौलत उंबऱ्यात उभा होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

“हे… नवाहोंचं?”

“नाही. त्यांचं ते त्यांचं. हे माझं. बस.”

“रांगोळीवर?”

“पहिल्यांदा विचारलं होतंस?”

भिंतीला धरून तो कसाबसा खाली बसला. तिने चित्रातल्या डाव्या पायाची चिमूटभर रांगोळी उचलली आणि त्याच्या दुमडलेल्या पायजम्यावरून हळूहळू चोळली. मग दोघांच्या हातांनी तो दोन पायांचा माणूस पुसून टाकला. पुसताना दौलत हुंदके देऊन रडला. गोळी लागल्यापासून पहिल्यांदाच.

“पाय काही उगवला नाही, कालिंदी.”

“पाय गेला, तो गेला. मला तू हवास… अप्पांना काय सांगू?”

त्याने रंग माखलेले तळवे झटकले.

“काही सांगू नकोस. मागणी घालायला मीच येतो. तीन मजले उतरायला मला आता फार वेळ लागतो… पाहुण्यांच्या आधी पोचायचं तर आत्ताच निघायला हवं. कुबडी दे.”