वेट मॅचेसचा चौथा ठोका

'ग्लेनिस होल्रॉइड हिचा मृत्यू स्वतःच्याच निष्काळजीपणामुळे झाला.'

शेफील्ड, मार्च १९७८. चौकशी अहवालातले हे वाक्य. व्याकरण निर्दोष आहे. बाकी सारे खोटे.

ग्लेनिस माझी धाकटी बहीण. इथे जे सांगते ते मी स्वतः ऐकले आहे. २००३च्या मार्चमध्ये, दुपारी चार वाजता, लख्ख उजेडात.

'वेट मॅचेस' हा तिचा पंक बँड. ती ड्रम वाजवी. केविन स्टॅनिफोर्थ गिटार वाजवी आणि ओरडे; त्याला गाणे म्हणत. माल्कम बेसवर. सुऱ्यांना धार लावण्याच्या कारखान्याखालचे तळघर, सात महिने, एक तबकडी. नगरपालिकेने बंदी घातली, आणि रातोरात ते प्रसिद्ध झाले.

कोणीही काहीही वाजवावे, हा त्यांचा धर्म. म्हणून सरावात वाद्ये बदलत.

त्या दिवशी ग्लेनिसने केविनची गिटार घेतली. दुसऱ्या हाताने माइक धरला.

विजेचा धक्का बसून ती जागीच गेली.

गिटारचा आवाज वाढवणाऱ्या अँपच्या प्लगमधली अर्थिंगची तार कापलेली होती. अहवालानुसार, तिनेच. साधा बल्ब बदलायलाही जी मला हाक मारी, तिने! साक्षीदार एकच, केविन. माल्कम चिप्स आणायला गेला होता. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी बँड मोडला.

पंचवीस वर्षांनी आमच्या ग्रंथालयाने पंकचे प्रदर्शन भरवले. तो अँप माझ्याच दालनात आला. वायर काढलेली. प्लग वेगळ्या काचेत.

उद्घाटनाआधी, अँप आल्याच्या तिसऱ्या दिवशी, पहारेकरी डोरीन म्हणाली, "हेझलबाई, तुमचा तो खोका गुणगुणतोय."

"त्याला वायरच नाही, डोरीन."

"तेच तर सांगतेय."

मी काचेला कान लावला.

घूंऽऽ… बारीक, अखंड…

उद्घाटनाला केविन आला. सूट, टक्कल, हसू.

"याच ग्रंथालयाने मला थुंकतो म्हणून हाकललं होतं. आता काचेत घालताय?"

"थुंकी मात्र मिळाली नाही, केविन."

"अजून तशीच तिखट आहेस गं."

तो अँपपाशी गेला.

हसू थांबले.

"हे कोणी चालू केलं?"

गुणगुण वाढत होती…

मग ठोके आले. लाकडावर लाकूड.

एक…

दोन…

तीन…

आणि काहीच नाही. गुणगुणही नाही.

पंक ड्रमर काड्या एकमेकींवर आपटून चार मोजतो, मग गाणे सुटते. एवढे मला ठाऊक होते. तीनवर कोण थांबते, ते ठाऊक नव्हते.

केविनला होते. तो खाली बसला. त्याचे हात हवेत काड्या धरल्यासारखे थिजले होते.

"तेव्हा ड्रमवर तू होतास," मी म्हणाले.

तो बोलला. डोरीनने ऐकले. मी शब्दशः लिहून घेतले, खाली त्याची सही आहे. अहवाल आता बदलला आहे.

अँप आज तळमजल्यावर कुलपात आहे. तिथे मी एकटी जात नाही. चौथा ठोका अजून यायचा आहे…

केविनचे शब्द असे:

"अर्थिंग तोडलं की अँपची गुणगुण थांबते, म्हणून ती तार मीच कापली. तिने विचारलं होतं, 'हात लावू ना रे?' मी म्हटलं, 'घाबरतेस काय, लाव.' तिसऱ्या ठोक्याला ती पडली. चौकशीत मी तिचं नाव घेतलं. 'नाही' म्हणायला ती येणार नव्हती."