पहिल्या जागेचा व्हॉल्व

दुसऱ्याचे हित साधत असताना साधणाऱ्याच्या मनात स्वतःच्या सुखाचीही आशा नांदत असेल, तर त्या सत्कृत्याचे पावित्र्य उणे होते काय? शास्त्रे या प्रश्नावर पुष्कळ बोलतात. परंतु त्याचा निवाडा अखेर ज्याच्या-त्याच्या अंतःकरणालाच करावा लागतो. सोलापुरातील दुर्गेवर तो प्रसंग आला, तेव्हा विजेचा दिवा हीदेखील शहरात नवलाची वस्तू होती.

कन्याशाळेत शिकवून परतताना ग्रामोफोनच्या सुया घेण्यासाठी ती नव्या पेठेतील शंकरप्पांच्या दुकानात शिरली. भाद्रपदातली भुरभुर पदरावर मोत्यांसारखी बसली होती. फळीपाशी एक तरुण उभा होता. समोरच्या उघड्या यंत्रात काचेचा लहानसा दिवा तांबूस तेवत होता, आणि तो त्यावर पेन्सिलीने हळूच टिचकी मारून कर्ण्यापाशी कान नेत होता.

“बाई, सुया देतो की,” शंकरप्पा म्हणाले. “जरा दम धरा. मास्तरांचं लई बारीक काम चाललंय हितं.”

तरुणाने तो दिवा काढून दुसरा बसवला. पुन्हा टिचकी... पुन्हा कान...

दुर्गेला राहवले नाही. “मडकं घेताय का? वाजवून बघताय म्हणून विचारलं.”

तरुण गोंधळला, मग हसला. “व्हॉल्व आहे हा. सुईनं उचललेला बारीकसा आवाज हा मोठा करतो. पण टिचकी मारल्यावर जो स्वतःच वाजतो, तो दुसऱ्याचं गाणं नीट कसं पोचवणार? तसले वगळायचे.”

“आणि हा आता सूं-सूं करतोय तो?”

“सूं-सूं?” त्याने कान टवकारले. “मला तर ऐकू येत नाही...”

“अहो, आत कोणीतरी कढईत पोहे परततंय! आधीचा बरा होता. त्याच्या मागे कुणी नव्हतं.”

त्याने आधीचा व्हॉल्व परत लावला आणि डोळे मिटून ऐकले. डोळे उघडले तेव्हा त्यांत असा काही आदर होता, की दुर्गेची नजर आपोआप खाली गेली. “हा कान कुठून आणलात?”

“माझ्या वडिलांचा, आण्णांचा तंबोरा मी लावते.” तिचा स्वर उतरला. “म्हणजे... लावत असे. ते देवळात पुराण सांगायचे. आता कान मंद झाले. पट्टी सापडत नाही म्हणून त्यांनी सांगणंच सोडलं. ग्रामोफोनच्या पेटीला कान लावून बसतात, आणि मग... उठून जातात.”

त्याने पेन्सिल कानावर खोचली. “हे यंत्र मी माझ्यासाठीच बांधणार होतो. पण... तुमच्या आण्णांसाठी बांधलं तर? व्हॉल्व मात्र तुम्ही निवडायचे.”

त्याचे नाव कमलाकर. मूळचा सांगोल्याचा, शाळेत विज्ञान शिकवणारा. दसऱ्यानंतर त्याला धारवाडच्या नोकरीवर रुजू व्हायचे होते.

पुढे रोज संध्याकाळी तो त्यांच्या ओसरीवर येऊ लागला. लाकडी पाटावर कथलाचे डाग देऊन तारा जोडल्या गेल्या, व्हॉल्व ओळीने बसले, विजेसाठी शेजारी बॅटऱ्या मांडल्या गेल्या. प्रथम ते तेवले तेव्हा आण्णा कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले.

“आत काय आहे?” त्यांनी विचारले.

“काही नाही!” कमलाकर मोठ्याने म्हणाला. “हवासुद्धा काढून टाकलीय!”

आण्णांनी हात जोडले. “शब्द हा आकाशाचा गुण. रित्या जागेतच तो वाढायचा... तुम्ही काचेत आकाश धरलंत, मास्तर.”

दुर्गाही त्या निखाऱ्यासारख्या उजेडाकडे पाहत होती. जिथे काहीच नाही तिथून स्वर थोर होऊन बाहेर यावा, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला. तिने मान वळवली, तर कमलाकर दिव्यांकडे नव्हे, तिच्याकडे पाहत होता.

“मास्तर, तार जोडायची ती तिकडे!” स्वयंपाकघराच्या दारातून अंबुआत्या म्हणाल्या. “आमच्या दुर्गेला नका डाग लावू.”

खंडेनवमीला घरातील पोथ्या, तंबोरा, विळी यांच्यासोबत यंत्राचीही पूजा झाली. दसऱ्याच्या दुपारी आण्णा नवे उपरणे घेऊन पुढे बसले. कमलाकरने भीमपलासीची तबकडी ठेवली, सुई टेकवली... आणि कर्ण्यातून फटाक्यांच्या माळेसारखा तडतडाट उठला! गाणे त्याखाली गाडले गेले. आण्णांनी काही वेळ वाट पाहिली. मग ते शांतपणे उठले. “असू द्या, मास्तर. वेळ गेली म्हणजे जातेच.”

त्यांची ती वाकलेली पाठ पाहून दुर्गेच्या काळजात चर्र झाले.

कमलाकरने वीज तोडली, थोडे थांबून पहिला व्हॉल्व उपसला. त्याच्या बुडाशी, पायांच्या मधोमध, ओलसर गंध माखलेले होते. त्याने ते पाहिले, तरी तो आण्णांना म्हणाला, “चूक माझी आहे, आण्णा! जोडणी चुकली!”

“नाही!” दुर्गा पुढे झाली. “चूक माझी. काल पूजेच्या वेळी मीच एकेक काढून गंध लावलं.” मग स्वर इतका उतरला की तो केवळ कमलाकरनेच ऐकावा. “पोथीला एक बोट लावलं, तंबोऱ्याला एक बोट... आणि यांना जरा जास्तच लागलं.”

“जास्त का?”

ती खाली बसली आणि पदराने दुसऱ्या व्हॉल्वचे बूड पुसू लागली. पण तिचे कान लाल झाले होते.

अंगणातल्या उन्हात सुपावर व्हॉल्व वाळत ठेवले गेले. दोघे त्यांच्या दोन बाजूंना बसले.

“आता पहिल्या जागी कोणता बसवायचा, ते तुम्ही ऐकून ठरवा,” कमलाकर म्हणाला. “पहिल्याचं महत्त्व सगळ्यांत मोठं. त्याच्यात जे असेल, गाणं असो की कुरकुर, तेच पुढचे मोठं करत नेतात.” तो अडखळला. “म्हणूनच तर... सांगायला हवं. मी हे आण्णांसाठी बांधलं, असं सगळे म्हणतात. पण पहिल्या जागी आण्णा नव्हते, दुर्गाबाई... तुम्ही होता.”

सुपातला एक व्हॉल्व उचलून तिने हळूच टिचकी मारली.

“यंत्रात लावल्याशिवाय काही ऐकू येणार नाही,” तो म्हणाला.

“मला येतंय,” ती म्हणाली. “मागे कुणी नाही. अगदी स्वच्छ आहे.”

यंत्र पुन्हा जुळले, सुई पुन्हा टेकली. निःशब्दतेतून आधी तंबोरा उमलला, मग स्वर... गाभाऱ्यात समई लागावी तसा. आण्णा कर्ण्याकडे झुकले. “खर्ज...” ते पुटपुटले. “खर्जाची तार ऐकू येते आहे, दुर्गे!” त्यांचे डोळे पाणावले, आणि त्यांनी बारीक, अचूक षड्ज लावला. कित्येक दिवसांनी त्या ओसरीवर त्यांचा गळा उघडला होता.

तबकडी संपल्यावर कमलाकर त्यांच्यापुढे वाकला आणि हळू आवाजात काही बोलला.

“काय म्हणालात? मोठ्यानं बोला.”

कमलाकरने घसा खाकरला. “माझी एक विनंती आहे...”

“अजून मोठ्यानं!”

“मला दुर्गेशी लग्न करायचं आहे!”

त्या आरोळीने कौलांवरची कबुतरे उडाली. शेजारच्या सावित्रम्मा भिंतीवरून डोकावल्या. अंबुआत्यांनी तोंडाला पदर लावला. दुर्गेला धरणी दुभंगावी असे वाटले, आणि त्याच वेळी ती तशीच राहावी असेही वाटले.

आण्णा मिस्कील हसले. “पहिल्या वेळीच कळलं होतं, मास्तर. पण असली गोष्ट चार माणसांसमक्ष बोलावी लागते.” मग ते लेकीकडे वळले. “कान मंद झाले गं माझे, डोळे नाहीत. तुझं काय म्हणणं?”

दुर्गा सावकाश पुढे आली आणि कमलाकरच्या शेजारी उभी राहून वडिलांच्या पायांवर वाकली. तोही वाकला.

आण्णांचे दोन्ही हात त्या दोन मस्तकांवर स्थिरावले. त्यांच्या संसारात शब्द सौम्य राहोत, एकमेकांचे ऐकण्याइतके मौन त्यांच्यापाशी सदैव असो, आणि त्या घरी स्वराला कधी उणे न पडो.