काळ्या पोर्टातली पिन

या मंडळी, या. अशी जवळ या, ऐसपैस बसा. आज आख्यान देवाचं नाही, माणसांचंच आहे. पण घडलंय कीर्तनाच्या पायरीशी, तेव्हा देव काही फार लांब नसणार. गोष्ट प्रेमाची आहे आणि शब्द देऊन ठेवतो, ऐकता ऐकता तुमचा हात तोंडावर गेल्याशिवाय राहायचा नाही.

साल दोन हजार सोळा. त्या उन्हाळ्यात संभाजीनगरात नळाला पाणी आलं की गल्लीत सण व्हायचा. शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. चिकलठाण्याच्या बाजूला बघावं तेव्हा नवी इमारत उभी, आणि तिच्याच समोरून टँकरची रांग आत येतेय. धूळ तर अशी की सकाळी पुसलेल्या काचेवर दुपारी बोटानं नाव लिहून घ्या.

गुलमंडीत एका कापडदुकानाच्या माडीवर साहेबरावांचा स्टुडिओ होता. गावोगावच्या सप्ताहांत जाऊन कीर्तनांचं शूटिंग करायचं, कापून-जोडून इंटरनेटवर चढवायचं, हे त्यांचं काम. कापणं-जोडणं करायची मनस्विनी. महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या व्यंकटरावांची ही एकुलती लेक. व्यंकटराव रोज दुपारी तिचा डबा घेऊन यायचे आणि खाली दुकानात साहेबरावांशी कालच्या कीर्तनावर वाद घालत बसायचे. माडीवर झाडलोट करायला कडूबाई होती. वैजापूरकडची. गावातली विहीर आटली तशी लेकाच्या मागं शहरात आलेली. दिवसातून दोनदा धूळ पुसायची, बोलायची मात्र फार कमी.

साहेबरावांनी हौसेनं मोठा मॉनिटर आणला होता. धुळीपायी कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली लाकडी पेटीत बंद. म्हणून कॅमेऱ्याचं कार्ड लावायचं ते मॉनिटरच्या कडेच्या यूएसबी पोर्टमध्ये. आणि घोडं तिथंच पेंड खात होतं! एक कीर्तन उतरायला एवढा वेळ, की पडद्यावरची हिरवी पट्टी सरकतेय की झोपलीय तेच कळू नये. तेवढ्या वेळात मनस्विनी उतरलेला भाग स्पीकरवर लावून ऐकत बसायची. टाळ-मृदंग माडीभर घुमायचा. पट्टी संपली की कानाला हेडफोन आणि काम सुरू.

एका दुपारी घामाघूम होऊन ती जिना चढली, दार ढकललं आणि थिजलीच. टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले… पुरुषाचे… धुळीनं माखलेले!

"अगं बाई! चोर… चोर!" तिनं कोपऱ्यातला कॅमेऱ्याचा स्टँड उचलला.

खाडकन टेबलाला डोकं आपटल्याचा आवाज आला. "ओ मॅडम! मारू नका! साहेबरावांनी धाडलंय मला!"

"कशावरून?"

"कशावरून म्हंजी? चोर कधी असा पाय बाहेर ठिवून लपतो व्हय?"

पाय आत गेले, डोकं बाहेर आलं. केसांत जाळं, नाकावर काजळी आणि त्या सगळ्याच्या मधे दोन डोळे… हसरे. मनस्विनीच्या हातातला स्टँड वरचा वरच राहिला.

"ते खाली घेता का? नायतर मी पुन्हा आत जातो."

तिनं स्टँड खाली घेतला. त्यानं कार्ड पोर्टमध्ये सरकवलं. आणि पट्टी? अहो, उन्हाळ्यात वावटळ पळावी तशी पळाली! मनस्विनीचा आ वासलेला.

"काय केलंत तुम्ही?"

"काय नाय… जराशी खोड होती." तो उगाच लाजला. "मी विश्वजीत. वेरूळच्या पलीकडं गाव हाय आमचं. आता राहतो चिकलठाण्याला. कॉम्प्युटर अडला तर हाक मारायची."

"पाणी देऊ?"

त्या वर्षी पाणी आधी विचारून देत, तेही अर्धाच पेला. तिनं काठोकाठ भरून दिला. विश्वजीतनं पेल्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं…

"एवढं? पाव्हण्याला का घरच्याला?"

"तहानलेल्याला," ती म्हणाली खरी, पण कानाच्या पाळ्या तापल्याच.

आता ऐका गंमत. चार दिवस गेले असतील नसतील, पट्टी पुन्हा रांगायला लागली. मनस्विनीला धक्का बसला, आणि त्याहून मोठा धक्का बसला तो आपल्याला बरं वाटतंय याचा! विश्वजीत आला, पेटीची मागची फळी काढून आत डोकावला. बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर असं काही हसू, की जणू आत त्याला कुणाची चिठ्ठी सापडली होती.

"काय झालंय?" तिनं विचारलं.

"मला काय विचारता? तुम्हालाच ठाऊक."

"मला? मला काय कळतंय त्यातलं!"

"व्हय, व्हय… काहीच कळत नाय." आणि पुन्हा तेच हसू.

असं होतच राहिलं. तो यायचा, क्षणात सगळं ठीक करायचा, आणि मग निघायला मात्र त्याचा पाय उचलायचा नाही. कधी पाचोडच्या मोसंब्या, कधी वेरूळच्या डोंगरातली करवंदं. "वाळलेल्या रानात एवढंच पिकतंय औंदा," म्हणायचा. ती हेडफोन गळ्यात अडकवून ऐकायची. मनात म्हणायची, हा मुद्दाम अर्धवट काम ठेवून जातो… पुन्हा यायला मिळावं म्हणून. राग यायला हवा होता. आला नाही.

साहेबरावांना मात्र आला. पुंजारामबुवांच्या कीर्तनांसाठी गावांतून फोनवर फोन येत होते आणि इकडे काम तुंबलेलं. एका सकाळी ते मनस्विनीसमोर उभे राहिले.

"हे बघ पोरी, आता पुन्हा मशीन झोपलं तर त्या विश्वजीतला हा जिना चढू देणार नाही. आणि गुलमंडीत दुकान न् दुकान सांगून येईन, याच्या हाती काम देऊ नका. याला येत नाही, नाहीतर हा लबाड तरी आहे!"

मनस्विनी घाबरली. गुलमंडीत एकदा नाव गेलं की माणसाला गाशाच गुंडाळावा लागतो. मग कुठली करवंदं आणि कुठलं ते हसू? त्या दिवशी तिनं मॉनिटरला चक्क हात जोडले. "बाबा रे, आता नको झोपूस."

तर दुसऱ्याच दुपारी मॉनिटर झोपला.

तिनं विश्वजीतला घाईनं बोलावून घेतलं, साहेबराव जेवायला गेलेत तोवर. तो आला तोच हसत. मनस्विनीचा संताप उफाळला.

"हसता काय? बास करा आता! मुद्दाम करता ना हे? यायला मिळावं म्हणून?"

त्याचं हसू जागच्या जागी विझलं. "मी?"

"मग कोण?"

"मी… माझ्याच हातानं माझं नाव मातीत घालीन व्हय?" त्याचा आवाज चिरकला. "अहो, मला वाटलं तुम्ही करता!"

"मी??"

विश्वजीतनं फळी काढली आणि तिला वाकून बघायला लावलं. "हे बघा. मॉनिटरची वायर इथं येते. ही निळी खाच हाय ना, हिच्यात पिन असली की पोर्ट पळतंय. काळीत घातली की चालतंय, पण मुंगीच्या पावलानं. पहिल्या दिवशी पिन काळीत होती, मी निळीत घातली. एवढंच. इतक्या बारक्या कामाचं काय सांगायचं म्हणून बोललो नाय. दुसऱ्यांदा आलो तर पुन्हा काळीत! आपल्या आपण कशी जाईल? मला वाटलं, तुम्ही मला करताना बघितलं अन्…"

"अन् तुम्हाला बोलवायला मी…"

"व्हय. म्हणून साहेबरावांना कधी सांगितलं नाय. म्हटलं तुमचं नाव नको यायला. येत नाय म्हणू दे मला, काय बिघडलं?"

मनस्विनीला आपलीच लाज वाटली. हा माणूस एवढे दिवस आपल्यापायी बोलणी खात होता, आणि आपण त्याला लबाड ठरवून मोकळ्या!

विश्वजीत पिशवी आवरू लागला. नजर खाली. "म्हंजी… तुम्ही नव्हता तर. लई येडा मी."

"विश्वजीत, थांबा ना… मग पिन काढतं कोण?"

"म्या काढते, माय."

दोघं दचकून वळले. दारात कडूबाई. हातातलं फडकं पिळवटलेलं.

बघा मंडळी, प्रेमाची झापड! पेटीची फळी रोज काढून धूळ पुसणारी बाई डोळ्यांसमोर होती, पण या दोघांना एकमेकांपलीकडं कुणी दिसेल तर शपथ.

"तुम्ही? अहो मावशी, का पण?"

"ह्यो पोरगा येऊन गेला अन् तुमचं काम झटझट व्हाया लागलं. तुम्ही लगेच कानाला ते लावून बसायच्या. मला कीर्तन ऐकू येईना माय." तिचे डोळे भरले. "पुंजारामबुवा आमच्या गावचं. त्यांच्या सप्त्याला वरसानुवरस पोळ्या लाटल्या म्या, चुलीपाशी बसून समदं ऐकायची. औंदा गावात सप्ता नाय. पाणीच नाय तर पंगत कुठली? बुवा परमुलखात उभं राहत्यात. त्यांचा आवाज इथं ह्या पडद्यातून आला, तवा वाटलं मी घरीच हाय. झाडता झाडता ह्यानं कुठली पिन कुठं घातली ते बघून ठिवलं व्हतं. काळीत घातली की तुम्ही कीर्तन लावता. म्हणून…"

"मला नुसतं सांगायचंत ना हो!"

"कामाच्या बाईनं ‘कीर्तन लावा’ कसं म्हणावं?"

मनस्विनी मटकन स्टुलावर बसली. एक शब्द, फक्त एक शब्द विचारला असता आपण तिला कधी!

तेवढ्यात जिना वाजला. पुढं साहेबराव, मागं डबा घेतलेले व्यंकटराव.

"झोपलं ना पुन्हा?" साहेबराव गरजले. "पोरा, उचल पिशवी. आता गुलमंडीत तुला काम मिळतं कसं तेच बघतो!"

कडूबाई दारातच होती. तिचं नाव निघालं तर संध्याकाळच्या आत तिची भाकरी जाणार. नाही निघालं तर विश्वजीतची अब्रू जाणार. मनस्विनीनं एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं.

"साहेब, चूक माझीच…" विश्वजीतनं सुरुवात केली.

पुन्हा? हा माणूस पुन्हा दुसऱ्याचं ओझं उचलायला निघाला?

"त्यांची नाही!" मनस्विनी ताडकन उठली. "पिन मी काढत होते. निळ्यातून काळ्यात. प्रत्येक वेळी मीच."

साहेबराव तोंडातलं पान चघळायचे थांबले. "तू? आणि ते कशासाठी?"

समोर वडील उभे. हातात डबा, कपाळावर गंध, चेहऱ्यावर काहीच न समजल्याचा भाव. ती एक पाऊल पुढं आली…

"हे यावेत म्हणून."

पिनेपुरतं ते खोटं होतं, मायबाप. बाकी अक्षर न् अक्षर खरं.

व्यंकटरावांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा लावला, जणू ऐकलेलं नीट वाचून बघायचं होतं. आणि विश्वजीत? पिन कुणी काढली हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे या वाक्यातलं खोटं वजा केलं तर उरलं काय, हे त्याला लख्ख कळलं. पिशवी त्याच्या हातातून सुटली.

"काका," तो अडखळत म्हणाला, "मलाबी एक सांगायचंय. ती पिन पक्की बसवायला बोटभर चिकटपट्टी पुरली असती. दुसऱ्याच खेपेला. पट्टी खिशात होती माझ्या… लावली नाय."

आता थक्क व्हायची पाळी मनस्विनीची! "म्हणजे तुम्हीसुद्धा…"

"व्हय."

साहेबराव एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिले, आणि मग असे हसत सुटले की खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं मान वर करून बघू लागली. व्यंकटराव हसले नाहीत. मनस्विनीचा जीव टांगणीला. शेवटी डबा टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "वेरूळकडचे का तुम्ही? शेती?"

"व्हय काका. पडीक हाय औंदा."

"आमच्यात असं कधी झालं नाही," व्यंकटराव हळूच म्हणाले. मग लेकीच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "आमच्या गल्लीत नळ बहुधा शुक्रवारी येईल. त्या दिवशी घरी या. चहा तरी पुरेसा करता येईल. मग बोलू."

लग्न पुढच्या साली झालं. मनस्विनीनं त्या दिवसापासून दुपारी हेडफोन घातला नाही, आणि कडूबाईचं नाव त्या माडीवर कुणी कधी काढलं नाही. पुंजारामबुवांचा आवाज लागला की ती पुसायचं थांबायची, उंबऱ्याशी टेकायची आणि डोळे मिटून ऐकायची.

एवढंच मागणं आहे, मायबाप. कुठं कीर्तनाला बसाल, बुवांच्या पायाशी पुढची जागा मिळेल, तर एकदा मागं वळून दाराकडं बघा. कामाचे हात तसेच ठेवून तिथं कुणी उभं असेल. तिला आत बोलवा, आणि बोलावताना आमच्या कडूबाईची आठवण ठेवा.